शिकागोचा मार्च-एप्रिल: आधी वारा बघा, मग कपडे

मार्च-एप्रिलमध्ये शिकागोत नुसतं तापमान बघून बाहेर पडू नका, वाऱ्याची दिशा बघा. शहराला लागून असलेल्या लेक मिशिगन या तलावाचं पाणी तेव्हा जेमतेम २ ते ७ अंश सेल्सिअस असतं. नैऋत्येचा वारा जोरात असेल तर काठावरही ऊब टिकते. पण स्वच्छ ऊन आणि मंद वारा असला की दुपारच्या सुमारास लेकवरून गारवा आत शिरतो. लेकपासून दूर असलेल्या नेपरव्हिल उपनगरात १८ अंश असताना लेकच्या काठाने जाणाऱ्या लेकफ्रंट ट्रेलवर ८ अंश असू शकतात. ईशान्येचा झोत आला तर तासाभरात पारा १० अंशांनीही उतरू शकतो, म्हणून सकाळच्या उन्हाला भुलून जाकीट घरी ठेवू नये.

अंगात पातळ थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा थर), वर वारा अडवणारं जाकीट. जाड सुती हुडी नकोच. भिजली की लवकर वाळत नाही आणि अंग गारठवते. भारतातून आलेल्या आईवडिलांना कानटोपी एप्रिलअखेरपर्यंत द्याच.

टायरची हवा सकाळी, गाडी काढण्याआधी तपासा. तापमान साडेपाच अंशांनी घसरलं की साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी होते. टोमॅटो-मिरचीची रोपं १५ मेच्या आत बाहेर लावू नका. एप्रिलच्या उत्तरार्धात कोथिंबीर पेरा, तिला गारवा मानवतो.