फ्लॅप काळा का पडतो? या चुका टाळा

फ्लॅप म्हणजे जखम झाकायला तिच्यावर फिरवलेला, पण आपल्या रक्तपुरवठ्याला जोडलेलाच ठेवलेला कातडीचा तुकडा. तो गेला की रेसिडेंटकडून ठरलेली उत्तरं येतात: पेशंटला डायबेटिस होता, तंबाखू सुटत नव्हती, जखमच घाण होती. आखणी कशी केली आणि पहिल्या रात्री फ्लॅप कुणी पाहिला, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच असतं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती आखणीतल्या घाईची. जखम चार सेंटिमीटर, म्हणून फ्लॅपही चार सेंटिमीटर! अहो, फ्लॅप फिरतो तो एका बिंदूभोवती. त्या पिव्हट पॉइंटपासून जखमेच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर त्याला पुरायला हवं, आणि जितका जास्त फिरवाल तितका तो आखूड पडत जातो. मग टोक ओढून टाके घातले जातात, टोक पांढरं पडतं आणि टेबलाशी कोणीतरी म्हणतं, "थोडा ताण आहे, बसेल." नाही बसत. रक्त जिथे सगळ्यात कमी पोचतं, नेमकी तिथेच सगळ्यात जास्त ओढ दिलेली असते.

माझी सवय सांगतो. आधी डिब्राइडमेंट, म्हणजे जखमेतला मेलेला भाग कापून काढणं, पूर्ण करतो, कारण त्यानंतर जखम नेहमी मोठीच निघते. मग टाक्याच्या पाकिटाचा फॉइल जखमेवर दाबून तिचा साचा कापतो. गॉजचा साचा मला चालत नाही, तो ताणला जातो आणि खोटं माप देतो. साच्याला गॉजचीच एक घडी केलेली पट्टी जोडतो, मात्र न ताणता. तिचं दुसरं टोक पिव्हट पॉइंटवर बोटाने धरतो आणि साचा जखमेवरून उलटा डोनर साइटकडे, म्हणजे फ्लॅप जिथून घ्यायचा त्या जागेकडे, फिरवतो. जिथे तो आरामात पोचतो तिथे पेन, आणि वर थोडी सूट. ही काही नवी युक्ती नाही. कपाळाच्या कातडीने नाक बनवण्याच्या भारतीय पद्धतीचं वर्णन 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलं, त्यातला वैद्यही आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बनवतो आणि मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवतो. त्याला वेळ होता. आपल्याला मात्र व्हिडिओ पाहिला की लगेच ब्लेड हवं असतं.

याच्याच जोडीचा गैरसमज म्हणजे बुड, म्हणजे फ्लॅपची शरीराला जोडलेली बाजू, रुंद ठेवलं की फ्लॅप हवा तेवढा लांब घेता येतो. मिल्टनने 1970 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून हे खोडून काढलं: रक्तपुरवठा सारखाच असेल तर रुंद आणि अरुंद फ्लॅप साधारण सारख्याच लांबीपर्यंत जगतात. पायावर एकास एक, चेहऱ्यावर तीनास एक ही लांबी-रुंदीची प्रमाणं अंदाजापुरती ठेवा. हातात डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) असेल तर पर्फोरेटर, म्हणजे खालून कातडीत येणारी बारीक रक्तवाहिनी, शोधा आणि तो बुडात येईल असा फ्लॅप आखा.

आता रंगाबद्दल. टाचेच्या जखमेवर एका ज्युनियरने रिव्हर्स सुरल फ्लॅप (पोटरीच्या मागून घेऊन खाली फिरवलेला) केला होता. पिव्हट पॉइंट बाहेरच्या घोट्याच्या पाच सेंटिमीटर वर, अगदी बरोबर. पण मधल्या कातडीवर व्रण नको म्हणून पेडिकल, म्हणजे फ्लॅपला रक्त पुरवणारा देठ, तिच्या खालच्या बोगद्यातून नेला. टेबलावर फ्लॅप गुलाबी होता. रात्री जांभळट झाला. ड्युटीवरच्या डॉक्टरने बोटाने दाबलं, बोट उचलताच रंग परत आला (यालाच रिफिल म्हणतात), आणि नोंद झाली: "रिफिल उत्तम, फ्लॅप ठीक." सकाळी राऊंडला पाहतो तर फ्लॅप टम्म सुजलेला, निळा, वर फोड. बोगद्याची कातडी उघडली, टाके काढले, तेव्हा कुठे पेडिकलने श्वास घेतला. बराचसा भाग वाचला, पण टोक गेलंच आणि टाचेला नेमकं टोकच हवं होतं.

रिफिल फार जलद असणं ही चांगली बातमी नव्हे. रक्त आत येतंय पण व्हेनमधून बाहेर पडत नाही, तेव्हा फ्लॅप निळा, फुगीर होतो आणि दाबल्यावर रंग क्षणात परततो. सुई टोचली की काळपट रक्त भराभर येतं. आर्टरीची अडचण असेल तर फ्लॅप फिका, थंड आणि चपटा दिसतो. रिफिल रेंगाळतं, सुई टोचूनही रक्त जेमतेम येतं किंवा येतच नाही. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, म्हणून मी शेजारच्या कातडीशी ताडून पाहतो आणि शंका असेल तर सुईच वापरतो. बोगदा घट्ट वाटत असेल तर मधली कातडी सरळ कापा आणि पेडिकलवर ग्राफ्ट (दुसरीकडून काढलेली पातळ कातडी) टाका. व्रण दिसेल, दिसू दे.

फ्लॅप बिघडतोय असं वाटलं की आधी ड्रेसिंग सोडा, पेडिकलला पीळ किंवा दाब आहे का पहा, ताणाचे टाके काढा, खाली हेमॅटोमा (साठलेलं रक्त) असेल तर तो रिकामा करा. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य मी वॉर्डात खपवून घेत नाही. ड्रेसिंगला खिडकी ठेवा आणि पहिले चोवीस तास दर तासाला फ्लॅप पाहिल्याची सही घ्या. खिडकी नसेल तर नर्स तरी काय पाहणार?

बाकीच्या चुका थोडक्यात. कातडीची कड दातांच्या फोर्सेप्सने चिरडू नका, स्किन हुक वापरा. बुडाजवळचा डॉग इअर (फिरवल्यावर कातडीला येणारा उंचवटा) त्याच बैठकीत कापायला जाऊ नका, पेडिकल अरुंद होतो. पुष्कळदा तो आपोआप बसतो. ड्रेन (साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवायचा कंटाळा करू नका. तंबाखू चार आठवडे आधी बंद, आणि खायची असली तरी निकोटिन तेच.

प्रेशर सोअरला (एकाच जागी पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेला) मात्र ऑपरेशनची घाई हीच मुख्य चूक आहे. पोषण सुधारलेलं नाही, स्पॅझम (स्नायूंचे झटके) आवरलेला नाही, कूस बदलायला घरी माणूस नाही, आणि आपण फ्लॅप फिरवून मोकळे! असा फ्लॅप मी पुढे ढकलतो, नातेवाईक रागावले तरी. करायचाच झाला तर मोठा घ्या, टाक्यांची रेघ हाडाच्या उंचवट्यावर येऊ देऊ नका, आणि पुढच्या खेपेला तोच फ्लॅप पुन्हा सरकवता येईल असा छेद ठेवा, कारण पुढची खेप येते.

एवढं करूनही टोक काळं पडलंच तर लगेच कात्री घेऊ नका. कोरडं असेल, पू नसेल आणि खाली हाड, टेंडन किंवा इम्प्लांट उघडं पडत नसेल तर सीमा स्पष्ट होईपर्यंत थांबा. पुष्कळदा फक्त वरचा थर गेलेला असतो. ओलं आणि वास येणारं असेल, तर त्याच दिवशी काढा.