जोडीदाराच्या ऋणाचे गाणे कसे लिहावे

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात बहरलेल्या कंट्री या ग्रामीण ढंगाच्या संगीतात, पडत्या काळातही पाठीशी उभ्या राहिलेल्या जोडीदाराविषयीची कृतज्ञता हा जुना विषय असून, त्या गाण्यांची बांधणी मराठवाड्यातील संसारालाही शोभून दिसते. प्रथम एकच प्रसंग निवडावा. 'तू मला साथ दिलीस' असे मोघम न लिहिता, १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर तिने आपल्या वाट्याची भाकर पुढे सरकवली, किंवा बीडहून ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमध्ये त्याने रात्रभर तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर घेतले, असे डोळ्यांपुढे उभे राहील ते लिहावे. माझ्या मते गाण्याचा सारा जीव या एका तपशिलात असतो.

कडव्यांतून काळ पुढे सरकू द्यावा, म्हणजे लग्न, हलाखी आणि पिकलेले केस ओळीने येतील. ध्रुवपद मात्र तेच ठेवावे, कारण 'तुम्ही होतात म्हणून' हे साधे शब्द प्रत्येक कडव्यानंतर अधिक जड होत जातात. संबोधन घरातलेच असावे: 'कारभारी', 'कारभारीण'. जात्यावरच्या ओवीची लय घ्यावी. गिटार नसल्यास पेटीवर चाल बसवावी. गाणे प्रथम त्याच माणसापुढे म्हणावे आणि म्हणताना जो शब्द खोटा वाटेल, तो काढून टाकावा.