न्यू जर्सीत जुनं घर भाड्याने घेताय? आधी खिडकीची चौकट बघा

बँकेचं खातं, सोशल सिक्युरिटी नंबर, देसी किराणा कुठे मिळतो, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मला बोलायचंय ते शिसं (लेड) या विषारी धातूबद्दल, कारण २००९ साली मला ते कोणी सांगितलं नाही.

जर्सी सिटीत पाथच्या (न्यूयॉर्कला जाणाऱ्या लोकलच्या) स्टेशनपासून चालत जाता येईल असं जुनं लाकडी घर आम्हाला स्वस्तात मिळालं. करारासोबत मालकाने एक पुस्तिका दिली आणि एका फॉर्मवर सही घेतली. १९७८ पूर्वीच्या घराच्या रंगात शिसं असू शकतं, असं त्यावर स्पष्ट छापलेलं होतं. मी न वाचता सही केली. या देशात धोका तुमच्यापासून लपवत नाहीत. कागदावर लिहून देतात, आणि सही झाली की पुढचं तुम्ही बघायचं असतं. म्हणून हातात आलेला प्रत्येक कागद वाचा, रात्री जागून वाचा.

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला खोली रंगवायची म्हणून नवऱ्याने खिडकीच्या चौकटीवरचे पोपडे पॉलिश पेपरने घासून काढले. दोन दिवस घरभर बारीक धूळ होती आणि मी ती कोरड्या झाडूने झाडत होते. लेक रांगत होती, हात तोंडात घालत होती. वर्षाच्या तपासणीत तिच्या रक्तात डेसिलीटरला १९ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. तेव्हा काळजीची पातळी १० धरत; आता ३.५ धरतात. निर्धोक अशी पातळीच नाही.

शिसं शरीरात कॅल्शियमची जागा घेतं आणि हाडांत वर्षानुवर्षं साचून राहतं. गरोदरपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याबरोबर तेही निघून बाळापर्यंत पोहोचतं. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि नेमका त्याच वयात मेंदू घडत असतो. मूल आजारी दिसत नाही. परिणाम पुढे शाळेत, लक्ष टिकण्यात, शिकण्यात दिसतो. माझी लेक आता सोळा वर्षांची आहे. अभ्यास करताना तिचं चित्त उडालं की मला ती खिडकी आठवते. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, हे मला कोणीही सांगू शकणार नाही.

तेव्हा जुना रंग कोरडा घासू नका, कधीच नाही. खिडकी वरखाली करताना लाकडावर लाकूड घासून रंगाची भुकटी पडते, म्हणून चौकट आणि खालची फळी ओल्या फडक्याने पुसा, मुलाचा पलंग तिथून हलवा. पोपडे दिसले तर मालकाला लेखी कळवा. शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र असलेलाच माणूस यायला हवा. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय इथेही सोडू नका.

मंडळातले जुने लोक म्हणतील, "आमची पोरं अशाच घरात वाढली, काही झालं नाही." त्यांनी तपासलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

भारतातून येताना भरलेल्या आपल्या बॅगाही बघा, त्यांतूनही शिसं येतं. पारंपरिक शेंदूर हा मुळात शिशाचाच ऑक्साइड. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली न्यू जर्सीतल्या दुकानांतल्या आणि भारतातल्या सिंदूराचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांत शिसं सापडलं. सुरमा बाळाच्या डोळ्यांत घालू नका. झळझळीत पिवळ्या हळदीत लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या पिवळ्या रंगाची, भेसळ असू शकते, हळकुंडांनाही ते चोळतात. गावाकडून आलेलं आयुर्वेदिक भस्म डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मुलाला चाटवू नका. नाचणी, पालेभाज्या, डाळी भरपूर द्या. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं.

पाण्याचं एकच: उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. न्यू जर्सीतल्याच नेवार्क शहरात नळाच्या शिशाच्या जुन्या जोडण्यांमुळे घराघरांत फिल्टर वाटावे लागले होते. स्वयंपाकाला थंड नळाचंच पाणी घ्या आणि शिसं काढण्याचं प्रमाणपत्र असलेला फिल्टर लावा.

शिशाखेरीज घरातला आणखी एक धोका: आई-बाबा आले की त्यांना बेसमेंटमध्ये झोपवण्याआधी रेडॉनची चाचणी करा. जमिनीतल्या युरेनियमपासून होणारा हा किरणोत्सारी वायू, वास नाही, रंग नाही. सिगारेटनंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं दुसरं मोठं कारण. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आलं तर जमिनीखालून हवा बाहेर ओढणारा पाइप आणि पंखा बसवतात.

 

न्यू जर्सीत मूल बारा आणि चोवीस महिन्यांचं झालं की रक्तातल्या शिशाची तपासणी करायचा नियम आहे. गर्दीच्या दवाखान्यात ती राहून जाते, म्हणून तुम्हीच नाव घेऊन मागा. मूल पाच वर्षांचं घेऊन आलात आणि आधी कधी तपासलं नसेल, तरी पहिल्याच भेटीत मागा.