हातातल्या ॲपपासून कंपनीच्या दारापर्यंत : जपानला शिकायला निघालेल्या पुणेकरांसाठी

पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्गाला बसणारे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे धडे गिरवणारे, जुलै आणि डिसेंबरच्या जेएलपीटीसाठी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेसाठी, कांजीच्या (जपानीतल्या चित्राक्षरांच्या) वह्या भरणारे अनेक विद्यार्थी पुढे शिक्षणासाठी जपानला जातात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. व्हिसा, शिष्यवृत्ती, राहण्याची सोय, कुकर आणि गोडा मसाला यांची तयारी काटेकोर झालेली असते. पण तिथल्या माणसांशी संपर्क कशावरून आणि कोणत्या भाषेत ठेवायचा, याचा विचार विमानात बसेपर्यंत झालेला नसतो. ज्यांना पुढे तिथल्या तंत्रज्ञान कंपन्यांत काम करायचे आहे, तेही आपला शोध नामवंत कंपन्यांच्या यादीपासून सुरू करतात. मी स्वतः टोकियोत दोन वर्षे शिकले आणि त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, शोधाची सुरुवात रोज हातात असणाऱ्या ॲपपासून करावी. ते नीट वापरायला शिकल्याने माणसे जोडली जातात, आणि ते कोणी, का आणि कसे बनवले याचा माग काढत गेले की कंपन्या आपोआप ओळखीच्या होतात.

पुणे सोडण्यापूर्वी

जपानमध्ये रोजच्या निरोपांसाठी व्हॉट्सॲप फारसे कोणी वापरत नाही. तिथे लाइन हे निरोपांचे ॲप वापरतात. वसतिगृहाचा गट, झेमी म्हणजे प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखालचा अभ्यासगट, महाविद्यालयीन क्लब, अर्धवेळ कामाच्या पाळ्या, हे सगळे लाइनवर चालते. त्यामुळे लाइनचे खाते पुण्यातच, भारतीय क्रमांकावर उघडून ठेवावे. नोंदणी करताना फोनमधले सगळे संपर्क आपोआप जोडण्याची परवानगी विचारली जाते. ती नाकारावी, नाहीतर गॅसवाल्यापासून जुन्या क्लासच्या सरांपर्यंत, ज्यांच्या ज्यांच्याकडे लाइन असेल ते सगळे पहिल्याच दिवशी यादीत येऊन बसतात. खात्याला ईमेल आणि पासवर्ड लगेच जोडावा. आपले नाव देवनागरीत न ठेवता रोमन आणि काताकाना (परकी नावे लिहायची जपानी लिपी) अशा दोन्ही लिपींत लिहावे, कारण गटातल्या माणसाला तुमचे नाव वाचताच आले नाही, तर तो तुम्हाला हाक तरी कशी मारणार?

दुसरे काम कंटाळवाणे आहे, पण अत्यंत गरजेचे आहे. तुमचे भारतीय सिम बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात आणि घरच्यांशी बोलण्याचे व्हॉट्सॲपही त्यालाच जोडलेले असते. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावे, आणि रिचार्जची जबाबदारी आई, दादा किंवा ताई यांच्यापैकी एकाने नक्की घ्यावी. बरेच महिने रिचार्ज झाला नाही तर क्रमांक बंद होऊन दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणून फोनची वेळही आधीच ठरवावी. पुण्यात रात्री नऊला जेवणे आटोपतात तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात.

पहिले पंधरा दिवस

नारिता, हानेदा किंवा कान्साई विमानतळावर उतरताच झाइर्यू कार्ड, म्हणजे निवासपत्र हातात मिळते. पण त्यावर पत्ता नसतो. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रभाग किंवा नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो आणि तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापून मिळतो. ही नोंद होईपर्यंत मोबाइलचा करार करायला जाऊ नये. मी पत्त्याविनाच दुकानात गेले होते. समोरच्या मुलीने कार्ड दोन्ही हातांनी घेतले, उलटून पाहिले, कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि तितक्याच अदबीने ते मला परत दिले. पूर्ण दुपार गेली होती, आणि भूक लागली होती ती वेगळीच.

विमानतळावर मिळणारी बरीचशी प्रीपेड सिमे केवळ इंटरनेटपुरती असतात. त्यांना एसएमएस येत नाही, म्हणून त्यांच्यावर कोणत्याही ॲपची पडताळणी होत नाही. कायमचा क्रमांक घेताना आवाजाची सोय असलेलाच घ्यावा. दोकोमो, केडीडीआय, सॉफ्टबँक आणि राकुतेन अशा चार मोठ्या कंपन्या आहेत, आणि पहिल्या तिघींनी २०२१ च्या मार्चमध्ये अनुक्रमे अहामो, पोवो आणि लाइनमो या स्वस्त, ऑनलाइन सेवा आणल्या. विद्यार्थ्यांना यांतली एखादी पुरेशी ठरते. नवा क्रमांक मिळाला की लाइनच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्या खात्यातलाच क्रमांक बदलावा. नवे खाते उघडले तर आधीचे गट आणि निरोप हातचे जातात. फोन बदलतानाही हीच सावधगिरी लागते, कारण अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाताना, साध्या मोफत पद्धतीने केवळ शेवटच्या १४ दिवसांचे संभाषण सोबत येते.

कोणाला जोडून घ्यायचे असेल तर आयडी विचारत बसू नये. आयडीवरून शोधण्यासाठी जपानमध्ये मोबाइल कंपनीमार्फत वयाची पडताळणी करावी लागते, आणि नवख्या विद्यार्थ्याची गाडी तिथेच अडते. एकाने क्यूआर कोड दाखवायचा आणि दुसऱ्याने तो टिपायचा, हीच तिथली सर्रास रीत आहे.

निरोपाची भाषा

लाइन २३ जून २०११ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी ११ मार्चला ईशान्य जपानमधल्या तोहोकूचा भूकंप आणि त्सुनामी झाली होती, फोनचे जाळे कोलमडले होते, आणि आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला मार्ग उरला नव्हता. निरोप वाचला गेला की त्याच्या शेजारी ‘किदोकु’ म्हणजे ‘वाचले’ अशी खूण उमटते. उत्तर देण्याइतके त्राण नसले तरी वाचणारा जिवंत आहे एवढे तरी त्या खुणेवरून कळते, असा तिचा अर्थ तिथे सांगितला जातो. ही पार्श्वभूमी माहीत असली की, जपानी माणसे त्या लहानशा खुणेला एवढे महत्त्व का देतात, हे समजते.

मला ते उशिरा समजले. आमच्या झेमीच्या गटात माझ्याखेरीज सात जण होते. एका रात्री गटप्रमुखाने, पुढच्या मंगळवारी माझे सादरीकरण ठेवले तर चालेल का, असे विचारले. मी तो निरोप लोकलमध्ये वाचला आणि ठरवले की खोलीवर जाऊन, कोश उघडून, आदरार्थी रूपे तपासून व्यवस्थित उत्तर लिहावे. थकव्याने झोप लागली. गटात किदोकुपुढे आकडा दिसतो, नावे दिसत नाहीत. पण सगळ्यांनी वाचल्याचा आकडा पूर्ण झाला होता, इतर सहा जणांनी दहा मिनिटांत एकेका ओळीचे उत्तर दिले होते, आणि उरले कोण हे उघडच होते. दुसऱ्या दिवशी गटप्रमुख माझ्या टेबलापाशी आला आणि मंगळवार अडचणीचा असेल तर वार बदलू, असे हळूच म्हणाला. माझे मौन त्याने नकार म्हणून वाचले होते. वाचून उत्तर न देण्याला तिथे ‘किदोकु सुरू’ असा शब्दच आहे.

तेव्हापासून मी सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला सांगते: ‘काकुनिन शिमाशिता. आशिता मादे नि ओहेन्जी शिमासु.’ म्हणजे, पाहिले आहे, उद्यापर्यंत उत्तर देते. व्याकरणात परिपूर्ण असलेल्या उशिराच्या उत्तरापेक्षा हे वेळेवर पाठवलेले साधे वाक्य अधिक मोलाचे आहे.

बाकीचे बारकावे सवयीने येतात, पण काही आधी माहीत असलेले बरे. वडीलधाऱ्यांना किंवा सेन्पाईंना, म्हणजे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना, ‘समजले’ या अर्थी ‘र्‍योकाई देसु’ न लिहिता ‘शोची शिमाशिता’ लिहावे. निरोपाची सुरुवात ‘ओत्सुकारेसामा देसु’ने, म्हणजे समोरच्याच्या श्रमांची दखल घेणाऱ्या अभिवादनाने केली की सूर योग्य लागतो. प्राध्यापकांना मात्र, त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय, लाइनवर लिहूच नये. त्यांना ईमेल करावा, विषयात अभ्यासक्रमाचे आणि स्वतःचे नाव घालावे, आणि आडनावानंतर ‘सेन्सेई’ म्हणजे ‘गुरुजी’ लावावे. आपल्याकडे प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हणण्याची जी सवय असते, ती तिथे उपयोगी पडत नाही. स्टिकर मित्रांना मनसोक्त पाठवावेत.

ॲपकडून कंपनीकडे

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले, तो मुद्दा. रोज वापरायच्या ॲपबद्दल एका वहीत तीन प्रश्न लिहावेत: हे कोणी बनवले, पैसे कुठून येतात, आणि हे चुकले तर कोण जाब विचारते. लाइनपासूनच सुरुवात केली तर उत्तरे अशी मिळत जातात. ते बनवणारी एनएचएन जपान ही कोरियाच्या नेव्हर कंपनीची जपानमधली शाखा होती. २०१६ च्या जुलैत लाइनचे समभाग न्यूयॉर्क आणि टोकियो या दोन्ही बाजारांत आले. २०२१ मध्ये याहू जपानच्या पालक कंपनीशी एकत्रीकरण झाले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीचे नाव एलवाय कॉर्पोरेशन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने जाहीर केले की, नेव्हरशी जोडलेल्या यंत्रणेतून शिरकाव होऊन चार लाखांहून अधिक नोंदी बाहेर गेल्या, आणि २०२४ मध्ये जपानच्या अंतर्गत व्यवहार व दळणवळण मंत्रालयाने तिला सुधारणा करण्याचे लेखी निर्देश दिले. एका ॲपच्या मागे भागीदारी, भागभांडवल, सायबर सुरक्षा आणि दोन देशांचे संबंध एवढे सगळे उभे असते. मुलाखतीत हे बोलू शकणारा विद्यार्थी वेगळा उठून दिसतो.

हाच धागा पुढे ओढावा. दुकानात पैसे देताना वापरले जाणारे पेपे २०१८ मध्ये सुरू झाले, ते सॉफ्टबँक आणि याहू जपान यांनी आपल्या पेटीएमच्या तांत्रिक सहकार्याने. भारतीय विद्यार्थ्याला यापेक्षा आपलासा विषय दुसरा कोणता असेल? निरोपांत आपण जे इमोजी टाकतो त्यांच्या जपानमधल्या इतिहासातला एक मोठा टप्पा म्हणजे दोकोमोची १९९९ ची आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवा. तिच्यासाठी काढलेली १७६ चित्रे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली. व्हायबर हे निरोपांचे ॲप २०१४ मध्ये राकुतेनने विकत घेतले, आणि त्याच राकुतेनने २०१० मध्ये घोषणा करून २०१२ पासून इंग्रजी ही कार्यालयीन भाषा केली. जपानी अजून कच्चे असलेल्या अभियंत्यासाठी ही फार कामाची माहिती आहे. जुन्या वस्तू विकण्याचे मेरुकारी ॲप खोली लावताना सगळेच वापरतात. ती कंपनी २०१३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यात भारतातून गेलेले अभियंते काम करतात.

कंपनीबद्दल ऐकीव माहितीवर विसंबू नये. बाजारात नोंदलेल्या प्रत्येक जपानी कंपनीचा वार्षिक अहवाल एडिनेट या सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, आणि त्यात कर्मचाऱ्यांची संख्या, सरासरी वय आणि सरासरी वार्षिक पगार दिलेला असतो. सुरुवातीला ती कांजी पाहून छाती दडपते. एकाच कंपनीचा अहवाल दर आठवड्याला दोन पाने वाचला, तर सहा महिन्यांत पुढचा कोणताही अहवाल परका वाटत नाही.

प्रत्यक्ष भेटी

पुण्यात कंपन्या महाविद्यालयात येतात. जपानमध्ये विद्यार्थ्याने कंपनीपर्यंत जायचे असते. पदवीच्या आदल्या वर्षी १ मार्चपासून माहितीसत्रे, १ जूनपासून निवड आणि १ ऑक्टोबरला औपचारिक नाइतेई म्हणजे नियुक्तीचे वचन, असे तिथले सरकारी वेळापत्रक आहे, आणि तंत्रज्ञान क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या त्याच्याही आधी सुरुवात करतात. म्हणून पहिल्याच वर्षापासून बेन्क्योकाईला, म्हणजे अभियंत्यांच्या सायंकालीन अभ्याससभांना जावे. कॉनपास या संकेतस्थळावर त्यांची नोंदणी होते, बऱ्याच सभा विनामूल्य असतात आणि कित्येकदा त्या कंपनीच्या कार्यालयातच भरतात. ऑक्टोबरमध्ये चिबामधल्या माकुहारी मेस्से येथे सीटेक हे तंत्रज्ञानाचे मोठे प्रदर्शन असते. आधी नाव नोंदवले तर तेही मोफत पाहता येते. सशुल्क इंटर्नशिप मिळाली तर आधी कामाचा परवाना तपासावा, कारण विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासांचीच मुभा असते आणि अर्धवेळ कामाचे तासही त्यातच धरले जातात. यात हयगय केली तर व्हिसाच धोक्यात येतो.

मी पहिल्या बेन्क्योकाईला गेले ती टोकियोच्या शिबुया भागातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर होती. दारात नावाची पट्टी लिहायला दिली, पाच-पाच मिनिटांची छोटी भाषणे झाली, आणि मला निम्मेच समजले. शेवटी मी धीर करून विचारले की, भूकंपाच्या वेळी एकाच मिनिटात लाखो निरोप आले तर तुमची यंत्रणा आधी काय वाचवते. वक्ता थांबला, फळ्याकडे वळला आणि त्याने आकृती काढून दाखवली. सभा ठरल्या मिनिटाला संपली. जिन्यात त्याने स्वतःहून फोन काढून क्यूआर कोड पुढे केला.

अशा भेटीनंतर आभाराचा निरोप त्याच रात्री पाठवावा, आणि त्यात काय आवडले ते नेमके लिहावे. मी चार ओळी लिहिल्या होत्या. आकृतीतल्या दुसऱ्या रांगेबद्दल एक शंकाही विचारली होती. घरी पोहोचेपर्यंत शेजारी किदोकु उमटले होते, आणि सकाळी उत्तरासोबत पुढच्या महिन्याच्या सभेचा दुवा आला होता.