तायक्वांदोचे बूट आणि ड्रेस: खरेदीआधी पाय कसा वळतो ते बघा

क्लासला नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात सगळं सामान घेऊन टाकायची घाई होते. ड्रेस घ्या, पण बूट नकोत. तायक्वांदो हा अनवाणी शिकायचा खेळ आहे. वर्ल्ड तायक्वांदो या संघटनेच्या नियमांनी होणाऱ्या क्योरुगीत, म्हणजे लढतीत, खेळाडू किकचे गुण नोंदवणारे सेन्सरचे मोजे घालून मॅटवर उतरतात, पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, अनवाणी होतं, आयटीएफ या दुसऱ्या संघटनेच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे तिथल्या लढतीत, फोमचे फूटगार्ड असतात. रोजचे बूट यात कुठेच नाहीत. पहिले तीन-चार महिने तळव्याला जमीन कळू द्या. टाच किंचित उचलून चवड्यावर वळायला पाय एकदा शिकला की पुढे बूट घातले तरी ती सवय मोडत नाही. आधीपासूनच बुटात शिकलेला पाय मात्र टाचेवर फिरायला बघतो आणि ते सोडवायला फार वेळ जातो.

अडचण एवढीच की आपल्याकडे प्रत्येक क्लासला मॅट नसते. शाळेचा हॉल, शहाबादी फरशी, सोसायटीचं पार्किंग, गच्ची, नगरपालिकेचं समाजमंदिर, जिथे जागा मिळेल तिथे क्लास भरतो. खरबरीत कोब्यावर अनवाणी किक मारली तर चवड्याची कातडी सोलते. मग सर म्हणतात, "बूट घालून या." आणि पोरं घरात जे असतात ते घालून येतात. नव्या माणसाचा सगळ्यात मोठा घात इथेच होतो, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

डोल्यो चागीत, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या किकमध्ये, खालचा पाय काय करतो ते बघा. उजव्या पायाने किक मारायची आहे. डावा पाय जमिनीवर आहे आणि त्याची बोटं साधारण लक्ष्याकडे आहेत. किक लागते त्या क्षणी त्याच पायाची टाच लक्ष्याकडे आलेली असते. म्हणजे पाऊल जमिनीवर जवळजवळ १८० अंश फिरलं. हे फिरणं येतं कुठून? थोडं खुब्यातून. गुडघ्यातून जवळपास नाहीच. गुडघा बिजागरीसारखा एकाच दिशेत उघडतो-मिटतो. वाकलेला असताना थोडासा पिळता येतो, सरळ झाला की तेवढंही नाही. म्हणजे बाकीचं सगळं वळण तळवा आणि जमीन यांच्यामध्येच व्हायला हवं. तळवा जमिनीला चिकटून राहिला तर कंबर फिरते, मांडी फिरते, पोटरी मात्र बुटासकट जागेवरच राहते. मधला सगळा पीळ गुडघ्याला बसतो. मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्चेची गादी) फाटणं, आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जाणं, गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटला इजा होणं, या सगळ्यांत असा पीळ हे मोठं कारण असतं. किक हळू मारली तर शरीर सांभाळून घेतं. टार्गेटवर जोरात सलग वीस किक मारायला लागलात की नाही घेत.

आता घरातले बूट बघा. धावण्याच्या बुटाला टाचेखाली जाड फोम असतो आणि सोलवर खाचा असतात. फोममुळे वजन मागे टाचेवर जातं, खाचांमुळे पुढचा भाग जमीन धरून ठेवतो. किकसाठी दोन्ही गोष्टी उलट्याच. पण धावण्याच्या बुटाचा धोका निदान दिसतो तरी. खरा फसवा बूट म्हणजे बॅडमिंटनचा. चपटा असतो, हलका असतो, हॉलमध्ये चालतो आणि डब्यावर 'नॉन-मार्किंग' छापलेलं असतं. पालकांना वाटतं, हाच तो. नॉन-मार्किंगचा अर्थ एवढाच की बूट फरशीवर काळे डाग पाडत नाही. तो किती सहज वळतो याचा त्या शब्दाशी काही संबंध नाही. उलट बॅडमिंटनमध्ये शटलकडे झेपावताना पाय घसरू नये म्हणून त्याला मुद्दाम चिकट गम रबराचं सोल दिलेलं असतं. त्या खेळासाठी ते बरोबरच आहे. तायक्वांदोत तोच चिकटपणा गुडघ्यावर उलटतो. गुळगुळीत कोटा फरशीवर बॅडमिंटनचा बूट घालून डोल्यो चागी मारली की 'चीं' असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे सोल अडकलं. असा आवाज येत असेल तर त्या दिवशी किक थांबवा, नुसत्या स्टान्स (उभं राहण्याच्या पद्धती) आणि हाताच्या हालचाली करा.

याच्या उलट टोकाची चूकही होते. बूट नाहीत म्हणून साधे सुती मोजे घालून फरशीवर उभं राहायचं. वळण छान होतं, पण किक खाली आणताना खालचा पाय निसटतो आणि माणूस माकडहाडावर बसतो, किंवा मांडीच्या आतला स्नायू ताणला जातो. मोजे अजिबात नकोत.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, जिना उतरताना कळ आली, तर "स्ट्रेचिंग कमी पडतंय" हे सिनियर पोरांचं म्हणणं मनावर घेऊ नका. आधी बूट आणि जमीन तपासा. नुसती कळ असेल तर घाबरायचं कारण नाही, दोन-चार दिवस किक बंद ठेवून बघा. पण गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला तर थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. तिथे मलम आणि क्रेप बँडेजवर दिवस काढू नका. सरांबद्दलही एक स्पष्ट मत आहे. जे सर विद्यार्थ्याच्या खालच्या पायाकडे बघत नाहीत, फक्त किकची उंची बघून "शाब्बास" म्हणतात, त्यांच्याकडे उंच किक लवकर येते आणि दुखणंही लवकर येतं. चांगले सर समोर न उभे राहता बाजूला उभे राहतात, कारण टाच वळली की नाही ते बाजूनेच दिसतं.

मग तायक्वांदोचा बूट घ्यायचा कधी? फरशीवर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा सराव असेल, तेव्हा. मॅटवर सराव असेल तर पैसे वाचवा.

घेताना बूट हातात घेऊन उलटा करा. चवड्याखाली गोल चकती किंवा गोलाकार रेषा दिसायला हव्यात. त्यावरच पाय फिरतो. सोल पातळ आणि सपाट हवं, टाच पुढच्या भागापेक्षा उंच नको. मग तो चवड्यापाशी वाकवा. तिथे सहज वाकला पाहिजे. पावलाच्या मधोमध दुमडला तर सोल कच्चं आहे. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय फुगतात. अनवाणी पायात घालून बघा. आपल्याकडे पुष्कळांचे पाय पुढे रुंद असतात आणि हे बूट अरुंद साच्याचे येतात, त्यामुळे करंगळी दाबली जात असेल तर अर्धा नंबर वरचा घ्या. त्यापेक्षा जास्त नको. सैल बुटात बूट जागेवर राहतो आणि पाय आत फिरतो, फोड तिथूनच येतात.

शेवटची तपासणी अशी: एका पायावर उभं राहा, गुडघा किंचित वाकवा, टाच एखादं बोट उचला आणि चवड्यावर अर्धं वळण घ्या. गुडघ्याला ओढ जाणवण्याआधी सोल सुटलं पाहिजे. दुकानाची फरशी आणि हॉलची फरशी वेगळी असते, म्हणून न वापरलेला बूट बदलून देण्याचं दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्या आणि हॉलवर स्वच्छ जागी पुन्हा बघा. ऑनलाइन मागवलात तरी हे करायला विसरू नका.

हे बूट घालून रस्त्यावर धावू नका. आठवड्याभरात सोलच्या गोल रेषा घासून जातात आणि पातळ सोलमुळे टाच दुखते ती वेगळीच. वॉर्मअपचं धावणं आणि दोरीवरच्या उड्या कोब्यावर असतील तर त्या धावण्याच्या बुटात करा, किकच्या आधी बूट बदला. जोडीदाराबरोबर सराव असेल तेव्हा बूट काढायचे. सोलची कड त्याच्या कोपरावर किंवा बरगडीवर लागली तर चांगलीच जखम होते. चकती गुळगुळीत झाली, किंवा अंगठ्यापाशी कड सोलपासून सुटायला लागली की बूट संपला. मोच्याकडून चिकटवून घेतला तर चालायला होईल, वळायला नाही.

आता ड्रेस. दुकानात "कराटेचा ड्रेस" मागितला की कराटेचाच मिळतो: पुढून उघडा, बाजूला बंद बांधायचा. वर्ल्ड तायक्वांदो पद्धतीच्या क्लासला डोक्यातून घालायचा, व्ही गळ्याचा डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा ड्रेस, लागतो. आयटीएफचा वेगळा, तो पुढून उघडतो. तुमचा क्लास कुठल्या पद्धतीचा आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. गळ्याच्या पट्टीचा रंगही मनाने निवडायचा नसतो: रंगीत बेल्टवाल्यांना पांढरी, १५ वर्षांखालच्या पूमवाल्यांना (मुलांचा ब्लॅक बेल्ट) लाल-काळी, डॅनवाल्यांना (मोठ्यांचा ब्लॅक बेल्ट) काळी. काळी पट्टी रुबाबदार दिसते म्हणून पिवळ्या बेल्टवर घेतली तर ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, परत पाठवतील.

माप उंचीवर चालतं आणि बहुतेक ड्रेसवर १३०, १४०, १५० असं सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं. वाढत्या मुलाला एक माप वरचं घ्या, दोन नको. दोन मापं वरच्या विजारीत काष्ट्याचा भाग गुडघ्याकडे उतरतो आणि पाय उचलताना कापड मांडीला मागे खेचतं. मुलाची किक कमरेवर जात नाही, सर लवचिकता वाढवायला सांगतात, आणि अडथळा असतो विजारीचा. विजार उलटी करून दोन पायांच्या सांध्यात वेगळा चौकटीचा तुकडा शिवलाय का ते बघा. तो नसेल तर ती शिवण महिन्याभरात उसवते. घालून खाली बसा, गुडघा छातीपर्यंत आणा, जुचुम सगीत (घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं) पाय रुंद करा. कमरेला इलॅस्टिकबरोबर नाडी हवीच, नुसत्या इलॅस्टिकवर विश्वास ठेवू नका.

विजारीची लांबी घोट्याच्या हाडापर्यंत. त्याखाली लोंबली तर वळताना कापड टाचेखाली येतं, आणि मग चांगल्या मॅटवरही पाय घसरतो. पण घरी आणल्याआणल्या शिलाई मारू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणजे ९० सेंमी लांबीची विजार साडेचार सेंमीपर्यंत आखूड होऊ शकते. एकदा गार पाण्यात धुवा, वाळवा, मग खालची घडी घाला, आणि वाढत्या मुलासाठी कापड न कापता आत दुमडून ठेवा. शुद्ध सुतीला कडक आवाज चांगला येतो, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही. रोजच्या सरावाला सुती-पॉलिस्टर मिश्रणच बरं. शिंप्याकडून शिवून घेतलेला ड्रेस स्वस्त पडतो, पण साधं पँटचं कटिंग करणाऱ्याला तो मधला तुकडा जमत नाही. अशा बचतीच्या मी विरुद्ध आहे.

आतून काय घालायचं याबद्दल कोणी बोलत नाही, आणि नव्या मुली तर विचारायलाही संकोचतात. मुलींनी स्पोर्ट्स ब्रा आणि त्यावर गोल गळ्याचा पांढरा टी-शर्ट घालावा. व्ही गळा वाकताना उघडतो आणि सगळं लक्ष तिकडे जातं. पांढरी विजार घामाने पारदर्शक होते, म्हणून मुलगा असो की मुलगी, आत अंगाच्या रंगाची किंवा पांढरी, मांडीपर्यंतची घट्ट चड्डी असू द्या. मांड्या घासून लाल होणंही त्याने थांबतं. क्योरुगी सुरू झाली की ग्रॉइन गार्ड, शिनगार्ड आणि मनगट ते कोपराचे गार्ड ड्रेसच्या आत घालायचे असतात, म्हणून पोटरीपाशी विजार घट्ट नको. अंगठ्या, कानातलं, साखळी, कडं घरी ठेवा. केसांना धातूचा चाप नको, साधं रबर लावा. पायाची नखं आडवी सरळ कापा.

वर्ल्ड तायक्वांदो पद्धतीत बेल्ट कमरेला दोन वेढे घेऊन बांधायचा असतो. लांबी साधारण कमरेचा घेर दुप्पट करून त्यात ९० ते १०० सेंमी मिळवून धरा. मध्य बेंबीवर, पाठीमागे दोन पट्ट्या एकावर एक, फुली नको, आणि दोन्ही टोकं सारखी. नवा बेल्ट ताठ असतो आणि सुटत राहतो. त्याला गाठीपाशी हाताने चोळून मऊ करा, महिन्याभरात बसतो.

धुताना रंगीत बेल्ट ड्रेसबरोबर कधीच टाकू नका. लाल बेल्टचा रंग उतरला तर पांढरा ड्रेस गुलाबी होतो आणि तो जात नाही. ब्लीच टाळा, पॉलिस्टर त्याने पिवळट पडतं. थोडी नीळ पुरे. क्लासवरून आल्यावर ड्रेस पिशवीत रात्रभर राहिला तर वास कापडात कायमचा बसतो आणि पावसाळ्यात काळे ठिपके धरतात. बूटही तसेच: आतला पॅड काढून पंख्याखाली ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, उन्हात तापवू नका. सोलचा गोंद सुटतो.

स्पर्धेचा विचार सुरू झाला की सेन्सरच्या मोज्यांचा प्रश्न येतो. डेडो आणि केपीएनपी या गुण मोजणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रणालींचे मोजे एकमेकांच्या छातीच्या गार्डवर गुण देत नाहीत. आयोजक कुठली प्रणाली वापरणार ते कळल्यावरच मोजे घ्या, पायाला घट्ट बसतील असे घ्या आणि टाच टाचेच्या जागी बसली आहे ना ते लढतीआधी दोनदा बघा. मोजा फिरला की सेन्सर सरकतो आणि छातीवर नीट बसलेली किक पाटीवर येत नाही. धुताना पिळू नका, हाताने हलकं खळबळून सावलीत आडवे वाळत घाला.