क्लस्टर असलेला आरोग्य-डेटा: विश्लेषणातल्या या चुका टाळा

एकाच दवाखान्यातले रुग्ण, एकाच माणसाचे दोन डोळे, एकाच रुग्णाच्या सहा भेटींतला रक्तदाब. अशा नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असतात (त्यांच्या प्रत्येक गटाला क्लस्टर म्हणतात), आणि त्यांना सुट्या समजणं ही सर्वांत महाग पडणारी चूक.

20 दवाखाने, प्रत्येकी 50 रुग्ण आणि आयसीसी (एकाच क्लस्टरमधल्या नोंदी एकमेकींसारख्या किती, याचं माप) 0.05 घ्या. आकडा किरकोळ वाटतो, पण डिझाइन इफेक्ट (क्लस्टरमुळे अंदाजाचा व्हेरियन्स किती पट होतो) 1 + (50 − 1) × 0.05 = 3.45 येतो. म्हणजे 1000 रुग्णांत माहिती जेमतेम 290 स्वतंत्र रुग्णांइतकी. उपचार दवाखान्यानुसार ठरला असेल, तर साध्या रिग्रेशनचा स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) जवळपास निम्माच निघतो. उपचार निरुपयोगी असला तरी सुमारे 29 टक्के वेळा पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली जाते. तुलना एकाच रुग्णाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांची असेल तर नेमकं उलटं घडतं: स्टँडर्ड एरर फुगतो, खरा फरक निसटतो.

जीईई (जोडलेल्या नोंदींसाठीची, लोकसंख्येची सरासरी सांगणारी रिग्रेशनची पद्धत) लावलं की झालं, असंही नाही. त्यातला सँडविच स्टँडर्ड एरर (क्लस्टर लक्षात घेऊन काढलेला) क्लस्टरच्या संख्येवर उभा असतो. साधारण 40 पेक्षा कमी क्लस्टर असतील तर तो हवा त्यापेक्षा लहान येतो. दवाखाने तेवढेच ठेवून रुग्ण वाढवले तरी ही उणीव भरत नाही. कमी क्लस्टरसाठीची मॅन्सल-डेरुएन किंवा कावरमन-कॅरल दुरुस्ती वापरा आणि नॉर्मलऐवजी टी-वितरण घ्या. रक्तदाबासारख्या सलग मापासाठी मिक्स्ड मॉडेलमध्ये (प्रत्येक क्लस्टरचा स्वतःचा परिणाम धरणारं मॉडेल) अशीच केनवर्ड-रॉजर दुरुस्ती आहे.

आउटपुटमधली क्लस्टरची संख्या आधी तपासा. ‘आर’ या सॉफ्टवेअरमधलं जीईईचं पॅकेज जीपॅक एकाच आयडीच्या सलग ओळींनाच एक क्लस्टर मानतं, त्यामुळे डेटा आयडीनुसार लावलेला नसेल तर 20 क्लस्टरचे शेकडो होऊ शकतात. प्रत्येक दवाखान्यात रुग्ण क्रमांक 1 पासून सुरू होत असेल, तर दवाखाना आणि रुग्ण जोडून नवा आयडी बनवा.

लॉजिस्टिक मिक्स्ड मॉडेल आणि जीईई यांचे ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) जुळले नाहीत तर घाबरू नका. दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत: मिक्स्ड मॉडेल त्याच रुग्णाबद्दल सांगतं, जीईई लोकसंख्येच्या सरासरीबद्दल. रँडम इंटरसेप्टचा (रुग्णारुग्णांतल्या मूळ फरकाचा) व्हेरियन्स 4 असेल, तर त्याच रुग्णासाठीचा 3 हा रेशो लोकसंख्येच्या सरासरीत सुमारे 2 होतो. कोणता हवा, हे विश्लेषणाआधीच लिहून ठेवा.

रुग्ण मध्येच गळाले असतील तर साधं जीईई जपून वापरा. गळती आधीच्या मोजमापांवर अवलंबून असेल तर त्याचे अंदाज कलतात. तिथे नीट बांधलेलं मिक्स्ड मॉडेल किंवा मल्टिपल इम्प्युटेशन (गहाळ मोजमापं अनेकदा अंदाजाने भरणं) घ्या, आणि इम्प्युटेशनच्या मॉडेलमध्येही क्लस्टर घाला.