दोन प्रोसेसरची तुलना कशी करावी: आपल्या कामावर, आपल्या खोलीत

सेकंड हँड बाजारात ‘आय७ आहे’ एवढ्याच भांडवलावर कॉम्प्युटर विकले जातात. इंटेलचे दोन प्रोसेसर घ्या: कोअर आय७-७७०० हा २०१७चा, कोअर आय३-१२१०० हा २०२२चा. दोघांनाही ४ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा). कमाल वेग एकाचा ४.२ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.३. कागदावर जवळपास सारखेच, पण कामाला लावले की आय३ सरळ पुढे जातो. त्याचा कोअर प्रत्येक क्लॉक सायकलमध्ये, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात, जास्त काम उरकतो, आणि हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. शिवाय ७७०० विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणून मोजायला शिकणं गरजेचं आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी इंटेलचा कोअर आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी ही जोडी घेऊ. दोन्ही ६ कोअर-१२ थ्रेडचे, दोन्हींत ग्राफिक्स (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) आत असलेलं.

पायरी १: आपलं काम ठरवा

आंब्याच्या हंगामात पेढीवर टॅली आणि एक्सेल चालतं, महा-ई-सेवा केंद्रात दिवसभर ब्राउझर उघडा असतो. अशा कामांत मुख्यतः एका कोअरचा वेग लागतो. मे महिन्यातल्या लग्नसराईचे व्हिडिओ काढणाऱ्या कणकवली-कुडाळच्या स्टुडिओला सगळे कोअर एकदम राबवावे लागतात. तुमचं काम यातलं कुठलं, हे आधी कागदावर लिहा.

पायरी २: बाकी सगळं सारखं ठेवा

रॅम तेवढीच आणि त्याच वेगाची, एसएसडी तीच, विंडोजची आवृत्ती तीच, पॉवर प्लॅन तोच. रॅमच्या दोन पट्ट्या लावा. एकाच पट्टीवर आतलं ग्राफिक्स चांगलंच मंदावतं, आणि ५६००जी त्याच ग्राफिक्ससाठी घेतला जातो. अपडेट आणि अँटिव्हायरसचं स्कॅन आटोपू द्या, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, पाच-दहा मिनिटं शांत राहू द्या.

पायरी ३: मोजा

सर्वांत सोपी चाचणी फाइल दाबून लहान करणाऱ्या सेव्हन-झिपमध्येच आहे: टूल्स मेनूत बेंचमार्क. सिनेबेंच या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कोअरचा आणि सगळ्या कोअरचा आकडा वेगळा मिळतो, दोन्ही घ्या. मात्र सिनेबेंच आर२३चा आकडा सिनेबेंच २०२४च्या आकड्याशी लावू नका. त्यांची मोजपट्टीच वेगळी आहे.

मग आपलं खरं काम. लग्नाच्या शूटिंगमधली एक क्लिप घ्या आणि तीच दोन्हीकडे हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. एनकोडर (व्हिडिओ दाबून नवी फाइल बनवणारा भाग) एक्स२६४ ठेवला तर भार कोअरवर येतो, इंटेलचा क्विक सिंक निवडला तर इंटेलच्या ग्राफिक्स भागावर. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, नाहीतर एकाच्या कोअरची तुलना दुसऱ्याच्या ग्राफिक्सशी होऊन बसेल. आय५-१२४००एफ घेत असाल तर त्यात ग्राफिक्सच नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. व्हिडिओवाल्याने दोन पैसे वाचवायला ‘एफ’ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक चाचणी तीनदा करा आणि मधला आकडा धरा.

पायरी ४: उष्णता बघा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि कोकणात तर ती सर्वांत महत्त्वाची. खोलीचं तापमान दहा अंशांनी चढलं की भाराखालच्या प्रोसेसरचंही साधारण तेवढंच चढतं. एक प्रोसेसर जानेवारीच्या सकाळी आणि दुसरा मेच्या दुपारी मोजला, तर तुम्ही ऋतूंची तुलना केलीत. खोलीत साधा थर्मामीटर ठेवा, आकडा वहीत टिपा.

सिनेबेंच दहा मिनिटं सलग चालू ठेवा आणि शेजारी तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा. तापमान आणि गिगाहर्ट्झ दोन्ही बघत राहा. १२४००ची मर्यादा १०० अंश, ५६००जीची ९५. पहिल्या मिनिटाला असलेला वेग दहाव्या मिनिटाला उतरला, तर एकतर कूलर कमी पडतोय किंवा मदरबोर्ड वीज रोखतोय. १२४००च्या खोक्यावरचा ६५ वॉट हा मूळ आकडा आहे. टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, इंटेलने ११७ वॉटपर्यंत मुभा दिली आहे.

वापरातला कॉम्प्युटर मोजायचा असेल तर आधी कूलरचा फॅन काढून खाली बघा. किनाऱ्यालगतच्या दमट, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या पात्यांमधली धूळ नमद्यासारखी घट्ट होते, फुंकरीने निघत नाही. मऊ ब्रशने पाती मोकळी करा. कूलरही उतरवलात तर प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, मगच मोजा. घाणेरड्या कूलरवर काढलेला आकडा त्या प्रोसेसरवर अन्याय करतो.

चाचणी यूपीएसवर करा. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मात्र यूपीएसवर लिहिलेले ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे यूपीएस साधारण ३६० वॉटचे असतात.

पायरी ५: टक्केवारी नीट काढा

समजा एकाने क्लिप २४ मिनिटांत काढली, दुसऱ्याने १८ मिनिटांत. वेळ २५ टक्के वाचला, पण वेग ३३ टक्के वाढला. दोन्ही वाक्यं खरी, म्हणून विकणारा मोठा आकडा सांगतो. सिनेबेंचमध्ये मोठा आकडा चांगला, हँडब्रेकच्या मिनिटांत लहान. तक्त्यात हे शेजारी लिहून ठेवा.

पाच टक्क्यांच्या आतला फरक हाताला जाणवत नाही, तिथे दोघे सारखेच धरा आणि किमतीकडे वळा. किंमत प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम मिळून काढा. ५६००जीला एएम४ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर४ प्रकारची रॅम लागते. १२४००चे बोर्ड डीडीआर४चेही मिळतात आणि डीडीआर५चेही, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बिलावर प्रोसेसर ‘बॉक्स’ (कंपनीच्या खोक्यातला) आहे की ‘ट्रे’ (खोक्याशिवाय सुटा), हेही लिहून घ्या. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेसाठी विकणाऱ्याच्याच दारात उभं राहावं लागतं, आणि तो मुंबईत असेल तर एका प्रोसेसरसाठी पार्सल पाठवून वाट बघावी लागते.